हरणीचं दावं

आमच्या म्हाताऱ्याच्या पायाला भिंगरी हाय. रंभाजी त्यांचं नाव. जल्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आज घेतलं, रागच तसा आला हुता.

पंकजनं, आमच्या लेकानं, पाडव्याला गोठ्यातले सगळे खुंटे उपटले. जाळीचं कुंपन घातलं, मधी पान्याची टाकी, कडंला गव्हान. मुक्त गोठा म्हनत्यात त्याला. गाया मोकळ्या; वाटंल तवा खायचं, वाटंल तिथं बसायचं. दूध वाढलं, माझी शेनघान निम्म्यावर आली. मी तर लई खूश.

पन ह्यांना चैन पडंना. जल्मभर सकाळी गाया सोडायच्या, दिस मावळता बांधायच्या, पाठीवर थाप मारून "बस, माय" म्हनायचं. आता दाव्यांचा भारा खांद्यावर टाकून कुंपनाभवती चकरा. सून ज्योती चहाचा कप घेऊन मागं मागं फिरायची. "अहो, तुमालाच बांधू का खुंट्याला?" मी म्हनायची. हसायचे न्हाईत.

आज दुपारी पंकज नि ज्योती पेंड आनाया जामखेडला गेलती. हरणी गाय आज-उद्या व्यायची हुती. तिची आई ती जल्मताच मेली, तवा ह्यांनीच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. जाताना पंकज बापाला म्हनला, "दादा, तिला बांधू नका बरं का."

"व्हय, व्हय," हे म्हनले.

भाकरी उरकून मी गोठ्याकडं जाती तर काय! हरणी जाळीच्या खांबाला आखूड दाव्यानं बांधलेली. कळा येत हुत्या, उठत हुती, पडत हुती. मागचं अंग जाळीला टेकलेलं, वासराचे पाय बाहेर आलेले, अन् पुढं सरकाया जागाच न्हाई. हे तिचं डोकं धरून "गप, माय, गप" करत्यात.

"अहो रंभाजी! मारताय का तिला?"

"दुसऱ्या गाया तुडवतील की गं इमल..."

मी इळ्यानं दावं तोडलं. हरणी धडपडत उठली, पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन आडवी झाली. थोड्या वेळानं वासरू पडलं. हलंना. मग ते शिंकलं, कान झटकले, तवा माझा जीव भांड्यात पडला.

हे रडत रडत वासरू पुसाया पुढं झाले. हरणीनं मान खाली घातली अन् अशी फुसकारली, की हे मागच्या मागं पडले.

"ताजी व्यालेली गाय कुनालाच जवळ येऊ देत न्हाई, ठाव हाय ना तुमाला?" हाताला धरून उठवत मी म्हनले. राग कुठल्या कुठं गेला हुता.

उठले न्हाईत. तिथंच मातीत बसून ऱ्हायले.

"बांधलेली असती तर गप हुभी ऱ्हायली असती."

"मंग! दाव्याला काय करनार ती?"

"म्हंजी इतकी वर्सं दाव्यापायी हुभ्या ऱ्हायच्या व्हय गं? मला वाटायचं, माझ्यासाठी ऱ्हात्यात."

इळा बाजूला ठेवून मी बी शेजारी मातीत बसले, अन् ह्यांच्या पाठीवर थाप मारली.