शिंप्याच्या टकलावरचा चंद्र

त्या गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे प्रोफेसर म्हणत. शाळा त्यांनी सातवीतच सोडली होती, पण ज्याच्या हातात वस्तरा आहे आणि समोरच्याच्या गळ्यावर फेस, त्याचं म्हणणं खोडणार कोण? अर्धी दाढी झालेला माणूस सहसा वाद घालत नाही. या सोयीमुळे प्रोफेसरांना जन्मात विरोधक भेटला नव्हता आणि त्याचं श्रेय ते आपल्या अभ्यासाला देत.

चंद्र हा त्यांचा खास विषय. साबणाची वाटी उपडी धरायची, तिच्यावर टॉवेल हळूहळू ओढायचा आणि सांगायचं, "ही पृथ्वीची सावली. चंद्रावर चढत गेली की अमावास्या, उतरत गेली की पौर्णिमा. सरळ आहे." गिऱ्हाइकाला मान हलवता येत नसे, म्हणून ते डोळ्यांनीच होकार देई. शेजारच्या दुकानातले शिंपीबुवा म्हणजे त्यांचे जुने मित्र. डोक्यावर केस असे कानांच्या वर झालरीएवढेच उरलेले, पण ती झालर कापून घ्यायला न चुकता यायचे आणि चंद्राची गोष्ट दर वेळी नव्यानेच ऐकल्यासारखे "वा" म्हणायचे.

घरी मात्र प्रोफेसरांना श्रोता नव्हता. दुकानाच्या मागे दोन खोल्या. त्यात बायकोने ऐकणं केव्हाच सोडून दिलेलं आणि मुलाने ते कधी धरलंच नव्हतं. मग मुलाचं लग्न झालं आणि सून आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. संध्याकाळी दमून येई, तरी सासऱ्यांचं ऐकून घेई, मध्येच काहीतरी विचारी, हसे. प्रोफेसर दुकान लवकर आवरायला लागले. सून आपल्याला फार आवडते हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण गिऱ्हाइकांच्या दाढ्या घाईत होऊ लागल्या, त्यावरून ज्याला कळायचं त्याला कळलं.

एकदा जेवताना त्यांनी चंद्र काढला. टॉवेल नव्हता, म्हणून पोळी वापरली. सुनेने शांतपणे भाजी वाढली आणि म्हणाली, "बाबा, तसं नाहीये ते. रोजच्या कलांचा सावलीशी काही संबंध नाही. चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळलेलाच असतो. तो आपल्याला कधी समोरून दिसतो, कधी बाजूने, कधी पाठीमागून. एवढंच." आणि तिने मीठ हवंय का विचारलं.

प्रोफेसरांनी मीठ नको म्हटलं. त्यानंतर घरात ते काहीच म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांचा चंद्र कालच्या पोरीने दोन घासांच्या मध्ये मोडीत काढला होता, आणि तोही आवाज न चढवता. ते रोज मुकाट्याने जेवायचे, हात धुवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. सुनेने काही विचारलं तर "हं" म्हणायचे. आपण केवढी शिक्षा देतोय याचं त्यांना समाधान होतं. दुकानात तोंडाचा पट्टा दुप्पट वेगाने चालू लागला.

असेच दिवस गेले आणि एका सकाळी बायको दुकानात आली. ती दुकानात येणं म्हणजे काहीतरी बिनसल्याशिवाय नाही.

"पोरं शाळेजवळ खोल्या बघतायत," ती म्हणाली. "वेगळं राहायचं म्हणतात. बसा आता तुमचा चंद्र कुरवाळत."

सुनेने जाऊ नये एवढंच प्रोफेसरांना हवं होतं. त्यासाठी काय करायचं हेही त्यांना माहीत होतं. तिच्याशी बोलायचं. पण चूक कबूल केल्याशिवाय बोलणार कसं, आणि चूक नसताना कबूल करणार कसं?

त्याच दिवशी सूर्य कलल्यावर शिंपीबुवा झालर कापायला आले. खुर्ची आरशाकडे तोंड करून होती, डावीकडे दार, आणि दारातून ऊन आडवं आत आलेलं. प्रोफेसर मागे उभे राहिले, तेव्हा त्यांना शिंपीबुवांचं टक्कल अर्धं लखलखीत आणि अर्धं काळं दिसलं. ते उजवीकडे सरकले. आता सगळा काळोख, फक्त दाराच्या बाजूला एक बारीक चकाकती कोर. मग डावीकडे दारापाशी गेले, तर टक्कल पुरं उजळलेलं. शिंपीबुवा जागचे हललेले नव्हते. ऊनही तेच होतं. फिरत होते ते फक्त प्रोफेसर.

"उजेडात कशाला उभा राहतोस? कान कापशील," शिंपीबुवा म्हणाले. प्रोफेसरांची सावली नेमकी टकलावर पडली होती. ते जरा बाजूला झाले, तशी ती गेली.

कात्री हातात धरूनच ते दाराबाहेर आले. समोर मावळतीला सूर्य, डोक्यावर अर्धा चंद्र, उजळलेली बाजू सूर्याकडे. स्वतःची सावली मागे दुकानात पसरलेली. पृथ्वीची सावलीही मागेच जाणार, ती डोक्यावरच्या चंद्रापर्यंत पोचेल कशी? ते बराच वेळ उभे होते. शिंपीबुवांनी आतून दोनदा हाका मारल्या.

सून बरोबर होती. आता आत जायचं आणि तिला सांगायचं, झालं. पण प्रोफेसरांनी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवा सिद्धांत दुकानात मांडायला सुरुवात केली, स्वतःचा शोध म्हणून. शिंपीबुवांना मुद्दाम बोलावून खुर्चीत बसवत आणि गिऱ्हाइकांना त्यांच्याभोवती फिरवत. टॉवेलचं कुणी नावही काढलं नाही. शिंपीबुवा "वा" म्हणाले. असा आठवडा मजेत गेला.

मग सुनेच्या सुट्टीच्या एका दुपारी त्यांना आतून भांडी बांधल्याचा आवाज आला. ते गिऱ्हाईक तसंच फेसात ठेवून आत गेले. सून जमिनीवर बसून ताटं कागदात गुंडाळत होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "चंद्राचं तू म्हणालीस ते खरं आहे. माझं चुकलं. जाऊ नका तुम्ही."

ती गोंधळून बघत राहिली. "कुठल्या चंद्राचं, बाबा?"

त्यांनी आठवण करून दिली. पोळी, भाजी, मीठ.

"ते होय? मी विसरूनही गेले होते." तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "तुम्ही बोलायचेच थांबलात. मला वाटलं, दोन खोल्यांत चौथं माणूस तुम्हाला जड झालं. कुणाला जड होऊन राहायला मला नको वाटतं. मागच्या आठवड्यात बोलला असतात, तर मी विषयच सोडून दिला असता. काल किल्ली घेतली आम्ही. शब्द दिलाय."

मागच्या आठवड्यात प्रोफेसर सबंध गल्लीशी बोलले होते. ते उंबऱ्यावरच खाली बसले. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "पण तुम्हाला पटलं कसं?"

"शिंपीबुवांच्या डोक्यावर," ते नाक पुसत म्हणाले.

ती हसली आणि गुडघ्यांना हातांची मिठी घालून ऐकायला बसली. प्रोफेसरांनी सांगायला घेतलं. खुर्ची कुठे होती, दार कुठे, ऊन कसं आलं होतं, कात्री कुठल्या हातात होती, सगळं सांगितलं. एरवी दोन मिनिटांत संपणारी गोष्ट त्यांनी लांबवत नेली. बाहेर गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळून गेला, ते ओरडत होतं, तरी ते उठले नाहीत. ती ऐकत होती तोवर ताटं बांधणं थांबलं होतं.