नारळ आला कुठून

सून खोबरेल कोमट करायला लागली, की मला फाटकात अडवलेला तो टँकर आठवतो. तेव्हा मी वारज्याच्या प्रयोगशाळेत बायोडिझेल तपासायची. इन्फ्रारेड यंत्राचा आलेख पाहून त्यातलं तेल ओळखायचं, ही माझी ऐट. लोणी काळभोरच्या एका गृहस्थांच्या करंजाच्या बायोडिझेलमध्ये मला नारळ दिसला. "मॅडम, निव्वळ करंज हाय." "मग यंत्र खोटं बोलतंय का?" टँकर परत पाठवायच्या आधी नमुन्याची काच पुसून पाहिली, तर रिकाम्या काचेवरही नारळच. मग मी यंत्रावर संशय घेतला, शिपायावर घेतला, साहेबांच्या डब्यावरही घेतला. शेजारच्या टेबलावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आपली वेणी तेवढी काचेवरून उचला, मग पुढचा संशय घ्या." टँकर आत आला. हल्ली सून म्हणते, "आई, केसांना तेल लावून देऊ?" मी म्हणते, "नको गं, टँकर अडतात."