थोरले बंधू आणि मंडळाचा इतिहास

थोरले बंधू स्वतःच्या वाढदिवसालाही भाषण करायचे, आणि तेही बंधुमंडळाच्या स्थापनेपासून. हे मंडळ आमच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या मुलांनी काढलेलं. ती मुलं डॉक्टर होऊन इंग्लंडला आली, तेव्हा मंडळही सोबत आलं. थोरले बंधू, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, हॅरोला राहायचे. हाडांचे नावाजलेले सर्जन, रिटायर झालेले. मंडळाचा मरून ब्लेझर मात्र त्यांनी कधी रिटायर होऊ दिला नाही.

"निष्ठा, सेवा, बंधुभाव!" दरवर्षी डिनरला ते छातीवर हात ठेवून म्हणायचे. "बंधूसाठी बंधू जीव देईल." मी त्यांच्याच वर्गात शिकलेली, इथल्या हॉस्पिटलात जन्मभर ॲनेस्थेटिस्ट. पण बाईला बंधू होता येत नाही. शिरीष मंडळातला बंधू, त्याची बायको म्हणून मी 'वहिनी'. माझ्या वाट्याची सेवा म्हणजे मसालेभात.

मग शिरीषला स्ट्रोक झाला. हाउन्सलोत इतकी वर्षं पेशंटशी ज्या इंग्रजीत बोलला, ती पुसली गेली. उरले मराठीचे सुटे शब्द. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, त्याच्याशी त्याच्या भाषेत भरपूर बोला. बंधू एकदा घोळक्याने आले, बुके दिला, फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि चहा पिऊन गेले. पुढच्या डिनरला मी थोरल्या बंधूंना सर्वांसमोर म्हटलं, "आठवड्यातून एकदा कुणीतरी येऊन त्याच्याशी गप्पा मारा. बाकी काही नको."

"वहिनी, विषय कमिटीपुढे ठेवू," ते म्हणाले आणि गुलाबजामकडे वळले.

कमिटीचं उत्तर आलंच नाही. पण थोरल्या बंधूंना थोडी लाज वाटली असावी. एका रविवारी ते स्वतः आले, ब्लेझर घालून. आजारी मित्राशी बोलायला त्यांना विषय कोणता सुचावा? मंडळाचा इतिहास!

"गावात साथ आली होती, शिरीष. रोग्यांची सेवा करायची म्हणून आपण पोरांनी शपथ घेतली..."

शिरीषचा डावा हात वर आला.

"नाही," तो म्हणाला. "मेसची... कोंबडी. तू चोरलीस. रेक्टर विचारतोय. आम्ही शपथ... नाव सांगायचं नाही."

आजारानंतरचं त्याचं ते सगळ्यात लांब बोलणं. एका मित्राला हॉस्टेलमधून काढू नये म्हणून सगळ्यांनी तोंड मिटलं होतं. मंडळ जन्मलं ते असं. केवढी छान गोष्ट! आणि या गृहस्थाने तिच्यावर साथीचा रोग पसरवून ठेवला होता.

"याची स्मृती गेलीय हो, वहिनी," म्हणत ते उठले. चहालाही थांबले नाहीत, पुन्हा फिरकलेही नाहीत. शिरीष मात्र त्या दिवसापासून बोलत सुटला. तुटक, अडखळत, पण रोज.

गेल्या वर्षी तो गेला. फ्युनरलला थोरले बंधू कागद काढून पुढे निघाले. मी म्हटलं, "तुम्ही बसा. मी बोलते."

ते निमूट बसले. मी शिरीषबद्दल बोलले, कोंबडीची गोष्टही सांगितली. लोक खळखळून हसले. चोरणाऱ्याचं नाव तेवढं घेतलं नाही.