काविळीच्या आडचा आजार

सातव्या महिन्यात माझे डोळे पिवळे झाले. सासर अर्धापूरचं. सासूबाईंनी लगेच गळ्यात काविळीची माळ घातली, तेल-तिखट बंद केलं. "माहेरी लातूरला जाऊन कायबाय खाल्लं असंल," असं त्या शेजारणींना सांगायच्या. माळ लांबली की कावीळ उतरते म्हणतात; माळ लांबत पोटापर्यंत आली, कावीळ काही उतरली नाही.

शेवटी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. नेहमीच्या तपासण्यांत काविळीचं कारण काही सापडलं नाही. तेव्हा तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तळहात दाखव बरं." दोन्ही तळव्यांवर तांबूस डाग होते. खाजत नव्हते, म्हणून मी बोललेच नव्हते. त्यांनी पुन्हा रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बाहेर बसवून मला एकटीला आत बोलावलं.

"हा उपदंश. गावाकडं गरमी म्हणतात तो. जंतू रक्तातून लिव्हरपर्यंत गेलेत, म्हणून ही कावीळ."

कुणाकडून आला, हे विचारावं लागलं नाही. नवरा केळीचा ट्रक घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर असायचा. माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "आन् लेकरू?"

"पेनिसिलिन आजच सुरू करू. वेळ गेलेली नाही. पण नवऱ्यालाही घ्यावं लागेल."

बाहेर येऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मला तर काईच होत न्हाई."

"तुम्ही आधी सुई घ्या. भांडायचं ते मागून भांडू."

तो उठला.

सुया अशा दुखायच्या की कुशीवर वळवत नसे. पण डाग विरले, डोळे निवळले, आणि मला कडकडून भूक लागली. लेक जन्मली ती अख्खा वॉर्ड दणाणून सोडत. तिला नीट तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, "ठणठणीत आहे गं!"

बारशाला सासूबाई पुन्हा माहेरच्या खाण्यावर आल्या. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "खाणं न्हाई, आई. तुमच्या लेकानं आणलेला आजार व्हता. दोघांनी सुया घेतल्या, बरे झालो."

दारातून नवरा म्हणाला, "खरं हाय, आई. हिच्यामुळंच वाचलो."

नाव ठेवायचा मान नणंदेचा. तिनं लेकीला माझ्या हातात दिलं. "वहिनी, तुम्हीच ठेवा."

कानात सांगायचं ते नाव मी मोठ्यांदा घेतलं.