आजारणीचं दूध

मी चहा पीत नाही. कुणाकडे गेले की हे सांगावं लागतं आणि सांगितलं की घरची बाई खट्टू होते. पित्त होतं का, काही नेम धरलाय का, असं विचारते. मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेते. पित्त नाही आणि नेमही नाही. माझा चहावर राग आहे, आणि तो मी लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षापासून नीट सांभाळून ठेवला आहे.

साल चौतीस-पस्तीस असावं. इंदापूर आणि बारामतीच्या मधे, कालव्याच्या पाण्यावर आमचं गाव. घरचं रान थोडं, पण पाण्याखालचं, म्हणून लोक आम्हाला बागायतदार म्हणत आणि आम्हीही म्हणवून घेत होतो. रानात माळवं असे. मेथी, गाजरं, वांगी, कोथिंबीर. घरची रीत अशी की चांगलं ते बाजाराच्या पाटीत आणि किडकं, जून, पिवळं पडलेलं ते चुलीवर. दिवसभर मेथीच्या वाफ्यात वाकून जुड्या बांधायच्या आणि रात्री भाकरीवर ठेचा घेऊन बसायचं. म्हैस एकच. तिच्या दुधाचं तूप करून सासूबाई इंदापूरच्या बाजाराला धाडत आणि त्या पैशात मीठ, तेल, लुगडी भागवत. आमच्या वाट्याला ताक येई. ताकाला मात्र कुणी कुणाला नाही म्हणत नसे.

माझी थोरली जाऊ, मी तिला आक्का म्हणायची, तिसऱ्या बाळंतपणानंतर उठली ती अर्धीच उठली. चालताना भिंत धरायची. मग एका सांजेला तिनं भाकरी तव्यावर टाकायच्या ऐवजी तव्याशेजारी जाळात टाकली. मला वाटलं, तिचं लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती हंड्यात पाणी ओतायला गेली आणि सगळं माझ्या पायांवर ओतलं. तेव्हा मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

थोरले दीर तिला सर्व्हिस मोटारीनं बारामतीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तान्हं मूल सांभाळायला मी बरोबर होते. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या, माझ्या हातातलं बाळ पाहिलं आणि म्हणाले, "हिला दूध द्या. रोज शेरभर. हिरवी पालेभाजी द्या, गाजर द्या, अंडं द्या, जमलं तर फळ. आज हिला सांजेला दिसत नाही. असंच चाललं तर उद्या दिवसाही दिसणार नाही."

दिरांनी विचारलं, "आन औशिद? बाटली न्हाय का द्यायची?"

"हेच औषध," डॉक्टर म्हणाले.

परतताना मोटारीत दीर कालव्याचा पूल आल्यावर एकदा म्हणाले, "बाटली दिली असती तर बरं झालं असतं." मला त्यांचा असा संताप आला की मी बाळाला उगाच थोपटत बसले. पुढं मला ते कळलं. बाटली एकदा घेतली की झालं. दूध रोज घ्यावं लागतं, आणि ज्याला रोजचं काही घ्यावं लागतं त्यानं ते आणायचं कुठून, हे डॉक्टर सांगत नाहीत.

घरी आल्यावर डॉक्टरांचा एकेक पदार्थ गळत गेला. अंडं सासूबाईंच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला अडलं. फळ म्हणजे बांधावरची बोरं, ती संपली होती. मेथीच्या जुड्या आणि गाजरं व्यापाऱ्याला कबूल केलेली होती. राहिलं दूध. सासूबाई चुलीपुढं बराच वेळ बसल्या आणि मग म्हणाल्या, "सकाळचं तुपाला. सांजचं तिचं. त्यात कुणी बोट घालायचं न्हाय." लोक सासवांना नावं ठेवतात, पण हे सोपं नव्हतं. त्या वर्षी सासूबाईंनी नवं लुगडं घेतलं नाही, जुन्यालाच दांड घालून नेसल्या.

डोळ्यांची गोष्ट मात्र घराबाहेर सांगायची नव्हती. सून आंधळी होतेय असं कळलं असतं तर चार दिवसांत कुणीतरी दिरांसाठी दुसरी मुलगी सुचवली असती. म्हणून सगळ्यांना सांगितलं, अशक्तपणा आहे.

आणि इथून माणसं यायला लागली.

बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं म्हणजे दुखणं मोठं, हे आमच्याकडे ठरलेलं. मोठ्या दुखण्याच्या घरी समाचाराला जायचं, हेही ठरलेलं. सकाळी सगळ्यांना रानात काम, म्हणून लोक येत ते दिवस कलल्यावर. म्हणजे नेमके धारेच्या वेळेला. आणि आलेल्या माणसाला चहा हा हवाच.

ही रीत काही फार जुनी नव्हती. माझ्या माहेरी मी लहान असताना पाहुण्यापुढं गूळ-पाणी ठेवत. पुढं बाजारात चहा-कंपनीवाल्यांची गाडी यायला लागली. ते मोठ्या किटलीतून फुकट कप वाटायचे, लोक रांग लावून प्यायचे. तोंडाला चव लागल्यावर पुडी विकत झाली. पाच-सात वर्षांत अशी गत आली की गूळ-पाणी दिलं तर माणूस घरी जाऊन सांगे, त्यांच्यात काय उरलं नाही आता. त्यातून आम्ही बागायतदार. बिनदुधाचा लाल चहा आम्ही कुणाला दिला असता तर ती गोष्ट गावभर झाली असती.

तर संध्याकाळी सासूबाई धार काढून चरवी आत आणीत आणि सोप्यातून आवाज येई, "कशी हाय गं पोरीची तब्येत?" मी चरवीकडे बघे. मग आधण ठेवी.

बाया आक्काच्या बाजेशेजारी बसत. बशीत ओतून, फुंकर मारून चहा पीत आणि तिला सांगत, "दूध पी बाई. दुधासारखं दुसरं काय न्हाय. आमच्या जावंला दुधानंच गुण आला." हे सांगताना त्यांच्या बशीत आक्काचंच दूध असे. मला दातओठ खावेसे वाटत. एक बाई तर दुसरा कप मागून घेऊन म्हणाली, "तुमच्याकडं च्या लई दाट असतोय." सगळे गेल्यावर चरवीच्या बुडाशी चार बोटं दूध उरे. त्यात पाणी घालून मी ते आक्काला नेऊन देई. ती अर्धं पिई आणि अर्धं पदराआड लपून बसलेल्या थोरल्या पोराला पाजी.

"आक्का, अशानं डोळे जातील तुमचे," मी एकदा फटकन बोलले.

"आन च्या न देता माणसं परत गेली तर नाक जाईल," ती म्हणाली. वर हसली. त्या हसण्याचा मला आणखी राग आला.

शेवटी एका सांजेला शेजारची बाई आली आणि मी विचार न करता बोलून गेले, "लाल च्याच घ्या आज. म्हस आटली आमची."

बोलले आणि माझी मलाच भीती वाटली. पण शब्द सुटला तो सुटला. सासूबाईंनी आतून ऐकलं होतं. त्या मला रागावतील असं वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून माणसं उठून गेल्यावर, अंधार पडल्यावर त्या धार काढायला लागल्या. आम्ही दोघी या विषयावर एक शब्दही बोललो नाही. आक्काला तांब्याभर निरसं दूध मिळू लागलं. चोरून मिळालं, पण मिळालं. मला तेव्हा जगातल्या सगळ्या खोट्या माणसांविषयी आपुलकी वाटायला लागली.

आठवडाही झाला नसेल, पळसदेवहून आत्याबाई आल्या. त्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. त्यांच्यापुढं सासरेसुद्धा मान वर करून बोलत नसत. बैलगाडीतून उतरताना त्यांच्या हातात फडकं बांधलेला लोटा होता.

"म्हस आटली म्हणं तुमची," त्या म्हणाल्या. "आजारी माणूस घरात आन दुभतं न्हाय. म्हणून दही आनलं." ज्या घरी दुभतं नाही त्या घरी जाताना दही न्यायचं, ही आमच्याकडची रीत. ती मी खोटं बोलताना विसरले होते. त्यांनी भीमेकाठावरून तो लोटा मांडीवर धरून आणला होता. मी तो घेतला आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

मी लाल चहा केला. त्या तो प्यायल्या. दिवस मावळला तरी बाजेशेजारीच बसून राहिल्या, कारण त्या मुक्कामालाच आल्या होत्या. सासूबाई आतबाहेर करत होत्या. धारेची वेळ टळली आणि गोठ्यातून म्हैस ओरडली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. रेडकूही ओरडायला लागलं.

आत्याबाईंनी गोठ्याकडं मान वळवली. "आटलेली म्हस सांजच्याला अशी वरडत न्हाय," त्या म्हणाल्या.

सासूबाई उठल्या, चरवी घेतली आणि गोठ्यात गेल्या. थोड्या वेळात धारेचा आवाज घरभर ऐकू यायला लागला. इतकी मोठ्यानं धार मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

मी सांगणार होते. सगळं सांगायचं, डोळ्यांसकट, असं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आक्का बाजेवर उठून बसली आणि घरधनिणीच्या आवाजात म्हणाली, "धाकटे, आत्याबाईंस्नी दुधाचा च्या कर. सगळं दूध टाक. पानी घालू नगंस."

काय करणार? थोरल्या जावेचा शब्द. मी चुलीपुढं बसले आणि रडत रडत तिचं दूध चहात ओतलं. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायची सोय होती, तेवढं बरं.

दिवा अजून लागायचा होता. मी कपबशी आत्याबाईंपुढं ठेवली. त्यांनी ती बाजेवर, आक्काच्या पुढ्यात सरकवली. "तू पी. मी पिऊन बसले."

"आसं कसं, आत्याबाई. तुमी घ्या."

"आजारी तू हायेस का मी?"

"तुमी घेतल्याबिगर मी कशी घिऊ?" आक्का म्हणाली आणि कपबशी उचलून द्यायला तिनं हात पुढं केला. हात कपाच्या पलीकडं गेला. मग अलीकडं आला. मग तिनं गोधडी चाचपली आणि त्यात कप कलंडला. चहा गोधडीवरून ओघळून जमिनीवर सांडला. तो कुठं सांडला हे आक्काला कळलं नाही. ती तशीच हात पुढं करून बसली होती, "घ्या की" म्हणत.

आत्याबाईंनी तो हात धरला. दुसऱ्या हातानं त्यांनी तिच्या डोळ्यांपुढं बोटं हलवली.

"दिसंना व्हय गं तुला?"

आक्का आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली, आणि मग पहिल्यांदा रडली. "कुनाला सांगू नगा, आत्याबाई."

आत्याबाईंनी मला समोर बसवलं आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मला वाटलं, आता दुसऱ्या मुलीची गोष्ट निघणार. पण त्यांनी माझ्या सासऱ्यांना हाक मारली आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं ह्या घरात च्या बंद. मी हाय तंवर सोप्यात मी बसती."

आणि खरंच बसल्या. आलेल्या प्रत्येकाला सांगत, "वैद्यानं सांगितलंय, आजारी मानसाच्या घरात च्याचा वास नगं. गूळ-पानी घ्या." कुठल्या वैद्यानं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बाजाराची पाटी भरली की त्या स्वतः त्यातून मेथीच्या दोन जुड्या काढून घेत आणि दिरांना म्हणत, "आधी घर, मंग बाजार." दीर एकदा व्यापाऱ्याविषयी काही बोलायला गेले, पण ते वाक्य त्यांनी गिळलं. मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा की चहा बंद झाल्यावर समाचाराला येणारी माणसंही निम्म्यानं कमी झाली. काळजी कुठं गेली त्यांची कुणास ठाऊक.

आत्याबाई पळसदेवला परत गेल्या तेव्हा आक्काच्या अंगावर थोडं मांस दिसायला लागलं होतं. मी दूध तिच्यासमोर धरून बसे आणि शेवटचा घोट जाईपर्यंत हलत नसे. पोराला मी गोठ्यात पिटाळलेलं असे. मेथी, गाजरं, दूध. मेथी, गाजरं, दूध. ती कंटाळली, मी कंटाळले, सासूबाईंना तुपाच्या पैशांची चणचण भासली, पण कुणी मागं हटलं नाही.

मग एक दिवस सांजेला आम्ही दोघी दारात बसलो होतो. ती बाळाला पाजत होती, मी मेथी निवडत होते. उजेड नुसता राखाडी उरला होता. कालव्याच्या बाजूनं वाटेवर कुणीतरी चालत येत होतं. मी अजून पाहिलं नव्हतं.

आक्कानं मान वर केली, डोळे बारीक केले आणि एकदम ताठ बसली. "धाकटे," ती म्हणाली, "निळ्या लुगड्याची कोन येतीय गं? भिगवनची वन्सं वाटतीय."

मी पाहिलं. निळंच लुगडं होतं, आमची नणंदच होती. माझ्या मांडीवरची मेथी खाली सांडली. तिला दिसलं होतं. मी तिचा हात घट्ट धरला.

तिनं हात सोडवून घेतला. "आगं बघत काय बसलीस," ती म्हणाली. "ऊठ, च्या ठेव. दुधाचा."