बैलासारखी घेतलेली नाव

यजमानांच्या तेराव्याला आमच्या जुन्या गावचे पाटील आले. जेवणं झाल्यावर चार लोकांत म्हणाले, "गुरुजी होते म्हणून आमच्या गावाले नाव आली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराआड बसले होते. नव्या विधवेने अशा वेळी तोंड उघडायचं नसतं, म्हणून गप्प राहिले. लिहायला मात्र अजून कुणी मनाई केलेली नाही.

यजमान शिक्षक होते. आम्ही अरुणावती नदीच्या अलीकडच्या गावात राहत होतो आणि त्यांची शाळा पलीकडच्या वस्तीत होती. एक खोली, एक शिक्षक. उन्हाळ्यात ते नदी पायी ओलांडत, पावसाळ्यात गावच्या मासे धरणाऱ्या ढिवराच्या डोंग्यातून जात. एका वर्षी पुरात डोंगा वाहून गेला आणि पावसाळाभर शाळा बंद राहिली. तपासनीस बजावून गेले, "आणखी एक पावसाळा असा गेला तर ही शाळा मोडीत काढू." पलीकडच्या पोरांना दुसरी शाळा नव्हती. यजमानांनी गावाच्या मागे लागून नाव घ्यायला लावली, एवढं खरं. कोणती नाव, हे मात्र पाटलांनी ठरवलं.

दिग्रसला कापसाच्या जिनिंग यंत्रांचे पट्टे आणि तेल विकणारा एक दुकानदार होता. त्याने कुठून तरी दोन नावा आणून अंगणात मांडून ठेवल्या होत्या. खरेदीला पाटील, यजमान आणि गावचे दोघे निघाले. माझी बहीण दिग्रसला असते, म्हणून मीही बैलबंडीत बसले. त्यामुळे हा सोहळा मला डोळ्यांनी पाहायला मिळाला.

पाटलांचा बैलांचा अभ्यास दांडगा. नदीकाठी जन्म काढूनही नावेत ते ओझ्यासारखे बसत, पण हे कबूल कोण करणार? ते आधी नावेच्या समोर उभे राहिले आणि तिचा चेहरा पाहिला. मग बाजूला जाऊन कुशीवर थाप मारली.

"छातीची रुंद हाये," ते म्हणाले.

एका फळीत लाकडाची काळी गाठ होती. शुभ-अशुभ ठरवायला बैलाच्या पाठीवरचा केसांचा भोवरा पाहावा तसे पाटील तिच्यावर वाकले. "जागेवर हाये. लाभाची हाये." बरोबरचे दोघे "हो हो" म्हणाले. त्यांनी नावेचे दात पाहिले नाहीत, तेवढीच कसर राहिली.

यजमानांचं लहानपण वैनगंगेच्या काठी गेलेलं. त्यांनी निळ्या रंगाखालच्या फटीत नख घातलं, तर फट बुजवायला भरलेली लांबी खडूसारखी गळून पडली. ते हळू आवाजात म्हणाले, "ही एकदा पाण्यात घालून दाखवा."

दुकानदार हसला. "गुरुजी, लुगडं घेता तवा दुकानातच धुता काय?"

"रंग जातो का, ते पाहायला कोपरा तरी भिजवतोच."

"मास्तर लोकायले संशयच लय," पाटील म्हणाले.

"बरं, गळायला लागली तर दुरुस्त कोण करणार?" यजमानांनी विचारलं.

"आपला मिस्त्री हाये ना! निरोप धाडा, आला समजा," दुकानदार म्हणाला.

"मिस्त्री राहतो कुठे?"

"आता तुम्ही पोरगी देऊन राह्यले काय त्याले?"

सगळे हसले. मग पाटील आणि दुकानदार यांनी बैलबाजाराच्या रीतीप्रमाणे दुपट्ट्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबली आणि सौदा झाला. यजमान गुमान बंडीत येऊन बसले.

नाव गावात वाजतगाजत आली. तिला हळदकुंकू लागलं, गळ्यात घुंगरांची माळ पडली. नावेला गळा कुठे असतो ते पाटलांनीच ठरवलं. यजमान म्हणाले, "आता हिला डोहात बुडवून ठेवा. लाकूड फुगलं पाहिजे, नाही तर फटी उघडतील."

"नवी नवरी हाये गुरुजी, आल्या आल्या डोहात ढकलता काय?" पाटील म्हणाले.

मग बंडीची चाकं जपतात तशी ती जपली गेली. पाटलांच्या गोठ्यात, कोरड्या जागेत, वरून ताडपत्री. पाण्याचा थेंब लागू नये म्हणून गड्याला ताकीद. वैशाख-जेठाच्या झळांनी फळ्या वाळून खडखडीत झाल्या. पाटील थाप मारून म्हणत, "पाहा, कशी वाजते!"

आषाढात नदी भरली. नारळ फुटला. पहिला मान पाटलांचा, म्हणून ते फेटा बांधून नावेत उभे राहिले. नाव आठ-दहा हात आत जाते न जाते तोच सगळ्या फटींतून पाणी आलं आणि ती लाभाची गाठ बुचासारखी निघून पडली. लोकांनी दोर ओढून पाटलांना काठावर घेतलं. फेटा तेवढा कोरडा राहिला.

यजमान दुसऱ्याच दिवशी चिखल तुडवत दिग्रसला गेले. दुकानदार म्हणाला, "नाव वाळवा लागते काय कधी? तिले पाणी पाजा लागते."

"मग विकताना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलं काय? मी तं पट्टे-तेल इकणारा माणूस. अन् मिस्त्री आता दिवाळीच्या बादच येईन."

दिवाळीनंतरही मिस्त्री आला नाही. त्याआधीच शाळा मोडल्याचा हुकूम निघाला होता. यजमानांची बदली घाटंजीला झाली. निघायच्या दिवशी नदी गुडघाभर होती. ते पलीकडे गेले, शाळेच्या खोलीला कुलूप लावून आले आणि जेवले नाहीत. पुढेही पावसाळा लागला की ते पलीकडच्या पोरांची नावं घेत. कोण गुरं राखत असेल, कुणाचं लग्न लावून दिलं असेल, असं मलाच विचारत. मला काय ठाऊक असणार?

तेराव्याच्या दिवशी उठताना पाटील दारापाशी आले. "बाई, नाव अजून हाये बरं. वाया नाही जाऊ देल्ली. गोठ्यात गव्हाण केली तिची. बैल तिच्यातच खातेत."

इतक्या वर्षांनी वस्तू योग्य जागी पोचली म्हणायची. मी पदर सावरून एवढंच विचारलं, "आणि पलीकडची पोरं?"

पाटलांनी थोडा वेळ आठवून पाहिलं.

"कोणती पोरं?" ते म्हणाले.