डाव्या हाताची लोकर

आई मला नेहमी म्हणायची, "तुझ्या तोंडाला कुलूप न्हाय." खरंच होतं ते. पण तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून सात महिने मी तिच्याशी एक खोटं बोलत होते. हात सुधारतोय, म्हणायचे.

दर मंगळवारी बेंबळीहून एसटीनं तिला धाराशिवला न्यायचे. तिथं व्यायाम घेणारा माणूस हाताला विजेचे झटके द्यायचा आणि आई ओठ दाबून बसायची. थंडी पडली तसा तो हात गार पडायला लागला, म्हणून मी तिला बिनबोटांचे हातमोजे विणायला घेतले. बोटं उघडी हवीत, कारण त्यांत चेंडू धरायचा व्यायाम असायचा. मधोमध वेणीची वीण घातली. चार टाके केसांच्या पिनेवर उचलून ठेवायचे आणि पुढचे आधी विणायचे, हे मला तिनंच शिकवलेलं.

आमच्या घरी टेपनं माप घेत नाहीत. तळहातावर तळहात ठेवला की झालं. आईचा न् माझा हात तर एकाच मापाचा, बांगड्याही एकमेकींच्या चालायच्या. म्हणून मी स्वतःच्याच हातावर बेतून चार पदरी लोकरीचे दोन्ही मोजे विणून टाकले. शहाणीच ना मी! उजवा चपखल बसला. डावा चढवला, तर वेणी एका बाजूला घसरली आणि मनगटाशी माझी दोन बोटं आत जातील एवढी जागा उरली. तो हात मी रोज तेल लावून चोळत होते. तरी तो इतका वाळलाय हे मला दिसलं नव्हतं. खरं म्हणजे मला ते बघायचंच नव्हतं.

"सैल विणलाय मी," म्हणाले आणि तो उसवला. टाके तेवढेच ठेवले, वेणीही तीच, फक्त लोकर तीन पदरी आणि सुया बारीक घेतल्या. मोजा आपोआप लहान झाला. स्वतःच्या हुशारीवर मी खूष होते.

पण जिचा जन्म विणण्यात गेला, तिला काय फसवणार? आईनं उजव्या हाताच्या चिमटीत तो मोजा धरून चाचपला.

"बारीक हाय ही लोकर."

"दुकानात तीच होती."

"हात वाळलाय माझा, बाई. तुला म्हायती हाय, मला बी हाय. मग त्या झटक्याला कशाला नेतीस? लई दुखतं गं."

दुखतं, असं ती पहिल्यांदाच म्हणाली. मला तिची दया यायला हवी होती, पण राग आला. "तुला बरंच व्हायचं नाही," असं बोलून गेले.

पुढच्या मंगळवारी ती धाराशिवला जायला उठलीच नाही. मी बळजबरी केली नाही. त्यानंतरही कधी नेलं नाही. नेत राहिले असते तर हात परत आला असता का, हे मी अजून कुठल्याच डॉक्टरला विचारलेलं नाही. 'हो' म्हणाला तर काय करू?